खारपाण आणि आयन



गेली तीस वर्षे मी भाषणे करीत आलो आहे. पण ती कारखान्याच्या फाटकापुढे उभे राहून आणि बहुधा घसा ताणून. विज्ञानावर बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. चालकांनी दूरध्वनीवरून विषय विचारला तेव्हा मी ‘आयन’ असे सांगितले. त्यांनी ते ‘आयोग’ असे ऐकले आणि मी वेतन आयोगावर बोलणार असे समजून तसेच छापायला दिले. आपल्यापैकी जे त्या आशेने आले असतील त्यांची मी आधीच क्षमा मागतो. मी दहावीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. पुढचे जे काही आले ते सभांच्या मधल्या वेळात, एस.टी.च्या बाकावर आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आले. तेव्हा शास्त्र शिकलेल्यांनी जेथे माझे चुकेल तेथे मला अवश्य थांबवावे.

समोर टेबलावर तीन पेले आहेत. पहिल्यात मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध केलेले पाणी आहे. दुसऱ्यात तिवस्यातल्या एका विहिरीचे आहे. तिसरे दर्यापूरकडच्या एका खेड्यातून मी काल बाटलीत भरून आणले. ही नऊ व्होल्टची लहान बॅटरी, हा इवलासा दिवा, आणि या दोन तारा. तारांची टोके पहिल्या पेल्यात बुडवतो. दिवा लागत नाही. दुसऱ्या पेल्यात बुडवतो. मागच्या मंडळींना दिसणार नाही, पण मंद लुकलुकतो. आता तिसऱ्यात. हा लागला! तिन्ही पेल्यांतले पाणी डोळ्यांना सारखेच दिसते. मग हा फरक कशाचा? त्या फरकाचे नाव आयन.

हा विषय माझ्यासारख्याने का घ्यावा, ते सांगतो. गोष्ट १९९४ च्या हंगामातली आहे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि जिनिंगच्या कामगारांत युनियनचे काम नुकते सुरू केले होते. पूर्णाकाठच्या एका गावी जिनिंगचा कारखाना होता. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. रेच्यांवर बहुतेक बाया. दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात जाते, घशाला कोरड पडते, आणि प्यायला आवारातल्या बोअरचे पाणी. ते खारे. नुसते खारे नव्हे, त्यात डाळ टाकली तर शिजता शिजत नाही, साबण लावला तर फेस येत नाही. आमच्या मागण्यांच्या यादीत पाण्याची मागणी सहावी होती. मजुरीच्या मागण्या वर घालायच्या आणि पाणी, संडास, पाळणाघर खाली ढकलायचे ही आम्हा पुरुष पुढाऱ्यांची जुनी खोड. माझीही तीच होती.

मागणी मान्य होईपर्यंत काहीतरी सांगितले पाहिजे म्हणून मी एक पत्रक काढले. खाली माझी सही. त्यात लिहिले, ‘पाण्यात तुरटी फिरवा, पाणी उकळा आणि मगच प्या.’ शाळेच्या पुस्तकात तसे होते. आठ दिवसांनी एक वयस्क रेजा मला म्हणाली, ‘भाऊ, उकळलं का तं ते पानी अजूनच खारट लागते.’ मी उत्तर दिले, ‘मावशी, तो मनाचा खेळ आहे. उकळलेले पाणी शुद्धच असते.’ ती काही बोलली नाही.

वाटाघाटीच्या दिवशी व्यवस्थापकांनी ते पत्रक माझ्याचपुढे ठेवले. ‘उपाय तुमच्याच पुढाऱ्यांनी दिला आहे, मग तक्रार काय उरली?’ आणि सोबत पाणी तपासणीचा एक कागद. त्यावर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड अशी नावे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर अधिक किंवा उणे चिन्ह, कोणावर एक, कोणावर दोन. क्लोराइडवर उणे होते. मला वाटले उणे म्हणजे कमी, म्हणजे जवळजवळ नाहीच. तसे मी भर बैठकीत बोललोही. व्यवस्थापक हसले नाहीत. हसले असते तर बरे वाटले असते. पाण्याची मागणी त्या दिवशी यादीतून गळली.

त्याच आठवड्यात मी एका निवृत्त विज्ञानशिक्षकांच्या दारी गेलो आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. ‘ही चिन्हे मला शिकवा,’ एवढेच म्हणालो. त्यांनी सारा हिवाळा शिकवले. पुढे जे सांगतो ते त्यांचे आहे. उपमा आणि चुका माझ्या.

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते. त्यात प्रोटॉन असतात, त्यांच्यावर धनभार. भोवती इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यावर तेवढाच ऋणभार. इलेक्ट्रॉन फार हलका. सुमारे १८३६ इलेक्ट्रॉन तागडीत घालावे तेव्हा एका प्रोटॉनचे वजन भरते. सामान्य अणूत दोहोंची संख्या सारखी असते, म्हणून एकंदर भार शून्य. सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन थरांनी बसतात: आतल्या थरात दोन, त्याबाहेर आठ, आणि सर्वांत बाहेर एकटाच एक. हा एकटा केंद्रापासून दूर आणि आतल्या दहांच्या आड असल्यामुळे सैल धरलेला असतो. तो निघून गेला की ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन उरतात, एक धनभार शिल्लक पडतो. हा झाला सोडियमचा धन आयन. क्लोरीनचे उलट. त्याच्याजवळ १७ इलेक्ट्रॉन, दोन, आठ आणि सात असे. बाहेरच्या थरात एकाची जागा रिकामी. तेथे एक आला की १८ होतात आणि एक ऋणभार जास्त पडतो.

म्हणजे पाहा, त्या कागदावरचे उणे चिन्ह ‘कमी’ सांगत नव्हते. उलट एक इलेक्ट्रॉन जादा आला आहे असे सांगत होते. आणि अधिक चिन्ह सांगत होते की एक गेला आहे. मी अगदी उफराटे वाचले होते. यात थोडा दोष इतिहासाचाही आहे. धन आणि ऋण ही नावे अठराव्या शतकात अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी ठेवली. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉम्सन यांनी लावला १८९७ साली. नाव आधी ठेवले आणि मूल दीडशे वर्षांनी जन्मले, तेव्हा ते उलटे बसले. पण बैठकीत फ्रँकलिन साहेबांना बोलावता येत नाही.

एका इलेक्ट्रॉनने काय फरक पडतो असे कोणी म्हणेल. सोडियम हा चाकूने कापता येईल असा मऊ धातू. पाण्यात टाकला तर पेट घेतो, म्हणून तो तेलात बुडवून ठेवतात. क्लोरीन हा विषारी वायू. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने तो सोडला आणि खंदकांतली माणसे गुदमरून मेली. याच दोघांचे आयन आपण भाकरीच्या पिठात चिमटीने टाकतो. केंद्र तेच, वजन जवळजवळ तेच. एकाने एक इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, एवढ्याने स्वभाव बदलला.

शाळेत ही गोष्ट अशी सांगतात की सोडियम मोठा दाता, तो आपला इलेक्ट्रॉन उदार मनाने देऊन टाकतो. मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात यावर थांबवले. सोडियम काही देत नाही. त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो आणि त्याला शक्ती खर्चावी लागते. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठाचा हिशेब घ्या. सुट्या सोडियम अणूंमधून इतके इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनच्या अणूंनी ते घेतले की ३४९ परत मिळतात. म्हणजे व्यवहारात १४७ ची तूट! नुसत्या एका दात्याच्या आणि एका घेणाऱ्याच्या भरवशावर मीठ झालेच नसते. मग ते होते कसे? हे धन आणि ऋण आयन एकमेकांच्या शेजारी ओळीने, वरखाली, चहूबाजूंनी रचले जातात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. या रचनेत ७८७ किलोज्यूल मिळतात. तूट फिटून वर भरपूर उरते. हे ऐकून मी मास्तरांना म्हणालो, ‘म्हणजे संघटना झाली म्हणून परवडले.’ ते म्हणाले, ‘अणूंना युनियनमध्ये ओढू नका.’ तेव्हा मी ओढीत नाही. आकडे तेवढे सांगितले.

हे मीठ पाण्यात पडले म्हणजे काय होते? पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित ऋण, दुसरे किंचित धन असते. शेकडो रेणू स्फटिकाला चिकटतात, सोडियमकडे आपले ऋण टोक करतात, क्लोराइडकडे धन टोक, आणि एकेकाला घेरून बाहेर काढतात. त्या घेरण्यात जवळजवळ तेवढीच शक्ती मिळते जेवढी स्फटिक मोडायला लागते, म्हणून मीठ विरघळताना पेला ना तापतो ना डोळ्यांत भरण्याजोगा गार होतो. आता पाण्यात मीठ नाही, सुटे आयन आहेत. बॅटरीच्या तारा बुडवल्या की धन आयन ऋण तारेकडे चालू लागतात, ऋण आयन धन तारेकडे. त्यांच्या या चालण्याने तुमचा दिवा लागला. पहिल्या पेल्यात चालणारे जवळजवळ कोणी नव्हते.

‘आयन’ या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘जाणारा’. तो शब्द रूढ केला मायकेल फॅरेडे यांनी, १८३४ साली. या माणसाविषयी मला दोन शब्द जास्त बोलू द्या. लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारीला राहिला आणि बांधायला येणारी पुस्तके वाचू लागला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही यांच्या जाहीर व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने सर्व व्याख्याने उतरून घेतली, स्वतः बांधून डेव्हींना पाठवली आणि पुढल्या वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागला. डेव्ही म्हणजे ज्यांनी १८०७ साली विजेच्या साहाय्याने सोडियम प्रथम वेगळा केला तेच. जाहीर व्याख्यानातून एवढे निघू शकते, हे व्याख्यानमालेच्या चालकांनी वर्गणी मागताना सांगायला हरकत नाही.

फॅरेडे यांना वाटे की वीज सोडली म्हणजे आयन होतात. वीज नसतानाही ते पाण्यात सुटे असतातच, असे स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडले. परीक्षकांना ते पटले नाही. त्याला खालची श्रेणी देऊन कसेबसे उत्तीर्ण केले. १९०३ साली त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मावशीच्या बोलण्याकडे येतो. उकळताना वाफ होऊन जाते ते पाणी. आयन वाफेबरोबर जात नाहीत, भांड्यातच राहतात. दोन लिटरचे आटून एक लिटर झाले तर खारटपणा दुप्पट. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे आणि महत्त्वाचे आहे. पण मीठ काही जंतू नव्हे. मावशीची जीभ बरोबर होती आणि माझे छापील पत्रक चूक होते. तुरटीचेही तसेच. गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋणभारित असतात, एकमेकांना लोटीत राहतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार. तो ही लोटालोट मोडतो, शिवाय पाण्याशी मिळून पिंजलेल्या कापसासारखे पुंजके करतो आणि गाळाला घेऊन खाली बसतो. पाणी नितळ होते. पण सोडियम आणि क्लोराइड होते तेथेच. उलट तुरटीने आपले चार आयन आणखी घातले.

उकळलेल्या पाण्याच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तो मात्र नीट पाहण्यासारखा आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचे चुन्याच्या कार्बोनेटात रूपांतर होते आणि तो थर बसतो. कॅल्शियम खाली बसला, सोडियम पाण्यात उरला. पूर्णेच्या खोऱ्यात हजारो वर्षे नेमके हेच चालले आहे. पूर्णा सातपुड्यातून उतरते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाऊन तापीला मिळते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या बाजूचा खारपाण पट्टा साडेचार लाख हेक्टरांच्या वर आहे. सपाट जमीन, भारी काळी माती, पाऊस बेताचा, ऊन कडक. पाणी खाली झिरपून निघून जात नाही, वर आटते. आटताना कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन जमिनीतच बसतो आणि ओलीत सोडियमचा वाटा वाढत जातो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी पूर्णा खोऱ्याच्या जमिनी खणून पाहिल्या आणि त्या चोपण होण्याचे हेच कारण दाखवले. म्हणजे ते एक मोठे पातेले आहे आणि खाली चूल पेटलेली आहे.

सोडियमने जमिनीचे काय बिघडते? काळी माती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली असते. पापुद्र्यांत जेथे तीन धनभारांचा अ‍ॅल्युमिनियम असावा तेथे काही ठिकाणी दोन धनभारांचा मॅग्नेशियम बसलेला असतो. प्रत्येक अशा जागी एक धनभार उणा पडतो आणि पापुद्रा ऋणभारित राहतो. तो भार भागवायला त्याला धन आयन जवळ धरावे लागतात. कॅल्शियमचा आयन दोन भारांचा. तो पापुद्र्यांना जवळ आणून घट्ट धरतो, माती रवाळ राहते, मुळांना हवा मिळते. सोडियमवर एकच भार, आणि त्याच्याभोवती पाण्याचा घेर. तो पापुद्र्यांना धरू शकत नाही. माती ओली झाली की फुटून विरते, बारीक छिद्रे बुजतात, पाणी वरच तुंबते. वाळली की वीटेसारखी होते. वखर घालायला वाफसा मिळतो तो दोनतीन दिवसांचा. अशा जमिनीला बोअरचे खारे पाणी दिले तर ती आणखी बिघडते.

यावर जिप्सम घालतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम पापुद्र्यावर जागा घेतो आणि सोडियमला उठवतो. आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मातीपरीक्षण करून मगच मात्रा ठरवावी अशी असते आणि ती पाळावी. पण येथे एक गोष्ट बहुतेक विसरतात. उठवलेला सोडियम जाणार कोठे? पावसाचे पाणी त्याला धुऊन खाली आणि चराने शेताबाहेर नेईल तेव्हाच तो जाईल. चर नसेल तर आज उठलेला सोडियम उद्या पुन्हा तेथेच येऊन बसतो. पोती टाकून फोटो काढणे सोपे. चर मात्र चार शेतकऱ्यांच्या धुऱ्यांवरून जातो, म्हणून तो कागदावर राहतो. शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात आयन थोडे, म्हणून ते पाणी तेथे सोन्यासारखे.

आयन हे आपले वैरी आहेत असे मात्र समजू नका. या बैसाखाच्या उन्हात घामातून जे जाते ते सोडियम आणि क्लोराइडच. ते कमी पडले की गोळे येतात, चक्कर येते. मज्जातंतूंतला प्रत्येक निरोप सोडियम आणि पोटॅशियम आयनांच्या आतबाहेर जाण्याने पुढे सरकतो. मी बोलतो आहे आणि आपण ऐकता आहात ते त्यांच्याच जिवावर. प्रश्न किती, एवढाच आहे. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोराइड दर लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावे असे आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत.

पुढच्या हंगामात आम्ही त्याच बोअरचे पाणी स्वतः तपासून आणले. या वेळी यादीत पाणी पहिले होते आणि बैठकीत बोलायला मावशीही होती. मी क्लोराइडच्या उणे चिन्हाचा अर्थ सांगितला, मानकाचा आकडा शेजारी ठेवला, आणि माझे जुने पत्रक चूक होते हे माझ्या तोंडाने सांगितले. ते सांगायला मला आकड्यांपेक्षा जास्त वेळ लागला. मावशी एवढेच म्हणाली, ‘साहेब, तुमी याच्यातला एक गिलास पिऊन पाहा.’ पेला टेबलावर तसाच राहिला. पंधरा दिवसांत बाहेरून गोड्या पाण्याचा टँकर यायला लागला आणि हंगाम संपेपर्यंत आला.

तिच्या नवऱ्याला रक्तदाबाचा विकार होता. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितले होते. त्याने भाजीतले तोडले, लोणचे सोडले. घागरीतले कोणी मोजले नाही, कारण ते दिसत नव्हते. तो १९९८ साली गेला. पाण्याने गेला असे मी म्हणणार नाही, तसे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण मी उकळून प्या म्हणून सही केलेला कागद त्यांच्या घराच्या कोनाड्यात शेवटपर्यंत होता, तो मी पाहिला आहे.

आज शहानूर आणि वान धरणांचे पाणी नळाने खारपाणातल्या पुष्कळ गावांत जाते. जेथे नळ कोरडे तेथे लोक आर.ओ.च्या यंत्राचे पाणी विकत घेतात. त्या यंत्रात दाब देऊन पाणी एका बारीक पडद्यातून ढकलतात. आयन बहुतेक अलीकडे राहतात. पण ते जे अलीकडे राहते ते जास्त खारे पाणी नालीत सोडतात आणि नाली पुन्हा त्याच मातीत जाते. आपण तिवस्यात वर्धेच्या बाजूला राहतो, आपल्या विहिरी पुष्कळशा गोड्या आहेत, म्हणून हा विषय परका वाटेल. पण आपल्या किती मुली दर्यापूर-अकोटकडे दिलेल्या आहेत ते मनात मोजून पाहा.

ज्यांना आपल्या विहिरीचे पाणी या दिव्याखाली पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे. काहींनी बाटल्या आणल्या आहेत असे दिसते. दिवा किती लागतो यावरून क्षार थोडे की पुष्कळ एवढेच कळेल. कोणते आणि किती, त्याला प्रयोगशाळाच पाहिजे, आणि फ्लोराइड वा जंतू तर दिव्याला मुळीच दिसत नाहीत. घरी हा प्रयोग करायचा तर अशाच लहान बॅटरीवर करावा, भिंतीतल्या विजेवर कोणीही करू नये. तारा ओढू नका. त्या शाळेच्या आहेत आणि नऊ वाजता परत द्यायच्या आहेत.